शकूआजीचे धवले माझ्या पोटात आहेत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. कोणी काही मागितले की त्या गरगर फिरवून मला ते शोधावे लागते. म्हणून मी संथ आहे. हे मी कधी नाकारले नाही.

कोपरच्या एका आगरी घरात, मयूरच्या संगणकात माझे आयुष्य गेले. त्याची आजी शकू ही गावाची धवलारीण. लग्नघरी हळदीपासून प्रत्येक विधी तिच्या धवल्यांनी, म्हणजे गाण्यांनीच पार पडे. मयूरची बहीण कृतिका हिने एकदा आजीसमोर माईक धरला.

"ह्या डब्यान माजा आवाज मावंल का र?" आजीने विचारले.

"तुझा काय, आख्ख्या गावाचा मावेल!" मयूर म्हणाला.

"गावाचा नको. गाव लय बोंबलतो."

त्यावर पिकलेले हसणेही मी धवल्यांसोबत जपून ठेवले. पुढे आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. कृतिकाचे लग्न ठरले, तेव्हा तिने एकच हट्ट धरला: हळदीला आजीच्याच आवाजातले धवले वाजायला हवेत. ते माझ्याखेरीज कुठेही नव्हते.

इकडे मयूरला संगणकावरच्या खेळाचे वेड. माझ्यामुळे खेळाचा नकाशा उघडायला वेळ लागे. हेडफोनमधून त्याचा मित्र सूरज ओरडे, "अरे, आम्ही मरून परत आलो, तू अजून लोडिंगवरच!" त्या टोमण्यांना कंटाळून मयूरने ठाण्याहून एक एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, आणली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. मागितलेले ती तत्काळ हजर करते. मला काढून तिला बसवले. नकाशा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडला. त्यात फिरताना माझ्यामुळे मध्येच बसणारे हिसकेही थांबले. पण खरी लढाई जुंपली, तेव्हा चित्र पूर्वीसारखेच अडखळू लागले.

"सांगितलेलं ना तुला?" कृतिका म्हणाली. "चित्र काढणारं कार्ड जुनं आहे. दार लवकर उघडलं म्हणून माणूस जोरात पळायला लागतो का? आणि आजीचे धवले उतरवून घेतलेस?"

"घेतो गं. दसरा होऊ दे."

मी टेबलावर पडून होते. मित्रांनो, संगणकाबाहेर काढलेल्या हार्ड डिस्कला हाक मारता येत नाही.

दसऱ्याच्या सकाळी आजीने पाट मांडला. कोयता आला, विळी आली, आणि तिने मलाही उचलले. आपला आवाज कुठे आहे, हे तिला ठाऊक होते. त्या घराची रीत अशी की हत्यार आधी स्वच्छ धुवायचे, मग पूजायचे. तिने तांब्यातले पाणी माझ्यावर ओतले. ते माझ्या पाठीवरच्या सर्किटच्या नाजूक पट्टीत झिरपले. मग तिने मला पदराने पुसले, हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. इतक्या मायेने मला कोणी कधी हाताळले नव्हते. आणि मला नको म्हणता येत नव्हते.

दुपारी कृतिकाच्या आग्रहाखातर मयूरने मला जोडले. क्षणभर जळका वास आला.

"आई शप्पथ... उडाली."

"उडाली म्हणजे? मयूर, आजीचे धवले आहेत त्यात!"

त्याने केबल बदलून पाहिली. मग माझ्यावरचे कुंकू त्याच्या बोटाला लागले आणि त्याची मान आपोआप आजीकडे वळली. ती दारातच उभी होती. त्याने ते बोट पाठीमागे लपवले.

मित्रांनो, माझी पट्टी जळली आहे. चकत्या मात्र शाबूत आहेत. जाणकाराच्या हाती दिले तर धवले कदाचित परत मिळतील. पण हे त्यांना सांगणार कोण? 'संपली' असे समजून त्यांनी मला देव्हाऱ्याजवळ ठेवले आहे. तुमच्या घरी एखादा आवाज एकाच ठिकाणी असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत करा. नव्याचे स्वागत जरूर करा, पण जुन्याच्या पोटात काय आहे ते आधी पाहा.

काल कृतिकाची हळद झाली. भाड्याच्या स्पीकरवर कुणा दुसरीचे धवले वाजत होते. आजी मांडवातून उठून आत आली, तिने मला उचलले आणि कानाशी धरले. ती बराच वेळ ऐकत राहिली.