लाभाचं पोतं

लाभ

धाड गावच्या बाजारात उकंडराव मापारी तीस वर्षं बसून होता. बसणं हेच त्याचं काम. ज्वारीच्या राशीपुढं एक पाय दुमडून आणि एक उभा धरून तो बसे, पायली राशीत खुपसे, काठोकाठ भरली की तळव्यानं वरचं निपटे आणि पोत्यात ओते. पहिल्या पायलीला तो एक म्हणत नसे. लाभ म्हणे. लाभाचं माप पोत्यात पडतं, पण मोजणीत येत नाही. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला खुशीनं सोडलेलं ते माप. त्यानंतर एक, मग दोन, मग तीन. बाकीचे मापारी लाभालाच एक धरत आणि पुढं सरळ दोन म्हणत. उकंडरावाच्या बापानं त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की ते लोक हाताचे कद्रू आहेत, त्यांच्याकडं पाहायचं नाही.

एक

बासष्ट सालच्या चैत्रात पायल्या बंद झाल्या आणि किलो आला. बाजाराच्या आवारात लोखंडी काटा बसला. काट्यामागं मॅट्रिक झालेला इंद्रभान कानावर पेन्सिल ठेवून उभा राहिला. आणि बाजाराचे सचिव भगवानराव यांनी उकंडरावाला टेबलाशी बोलावलं.

"उकंडराव, तुमची सोय केली हो. गोदामाच्या दारावर राखणदार म्हणून राहा. खाट देतो. बसून राहायचं, बस."

"बसूनच?"

"तर काय? त्रेपन्न वय तुमचं. आता कोणती दौड मारायची आहे?"

भगवानराव भलं बोलत होते. उकंडरावालाही ते भलंच वाटलं. मान हलवून तो बाहेर आला आणि सावलीला टेकला. समोर हमाल पोती नेत होते. काट्यापासून गोदामापर्यंत चाळीस पावलं, मग फळीवरून वर, मग थप्पीवर. पोतं चढताना फळी लवायची आणि माणूस उतरला की पुन्हा वर यायची. तीस वर्षं आकडे आपल्या तोंडून निघाले, आणि त्या आकड्यांची पोती दुसऱ्यांनीच उचलली. आपण जन्मात एक पोतं जागचं हलवलेलं नाही. हे त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं. आता सुचलं आणि जाता जाईना.

तो परत टेबलाशी गेला.

"मले हमालाचा बिल्ला पाह्यजे."

भगवानराव आधी हसले. मग त्याचं तोंड पाहून त्यांनी नियम सांगितला. क्विंटल भरतीची दहा पोती, काट्यापासून थप्पीपर्यंत, एकामागून एक, मधे न बसता. ज्यानं नेली त्याला बिल्ला.

"पौषात नवे बिल्ले निघतील, तेव्हा या," ते म्हणाले. "खाट कुठं जात नाही. तोवर मी तिथं कोणाला बसवत नाही."

दोन

हमालांचा मुकादम कादर. चाळिशीचा, रुंद मानेचा, बोलायला मोकळा.

"दादा, तुमच्या पाठीवर पोतं ठेवलं तर सापडाल कुठं तुम्ही? पोतं उलटून पाहावं लागेल."

"मस्करी काऊन करून राह्यला बे?"

"मस्करी नाही. पाय दाखवा."

बाजारात बैल पाहतात तसे कादरनं त्याचे पाय पाहिले. मांडी दाबली, पोटरी चिमटीत धरली, गुडघ्यावर बोटानं टकटक केलं. बाकीचे हमाल बिड्या हातातच धरून बघत राहिले.

"हा पाय नाही, दादा. हा पाट आहे. जेवायला बसायचा."

सगळे हसले. उकंडरावही हसला. मग कादर हसायचा थांबला, कारण उकंडरावानं धोतर खाली केलं नव्हतं.

"बरं," कादर म्हणाला. "रोज बैठका मारा. शंभर झाल्या की वाळूचं पोतं घेऊन चाला. ते जमलं की या मायाकडे."

"बैठका तर जिनगीभर मारल्या."

"त्या मापाच्या होत्या. या वेगळ्या."

तीन

लाभ. एक. दोन. तीन. गुडघ्यात काडी मोडल्यासारखा आवाज. चार. पाच, भिंत धरून. सहा.

सहा.

सात नाही.

मनकर्णाबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. नवरा भिंतीला धरून अर्धवट वाकलेला दिसला तेव्हा तिला वाटलं, की याच्या पोटात दुखतं आहे.

"काय मोजून राह्यले?"

"बैठका."

तिनं डोक्यावरची पाटी सावरली. मग ती पुढं गेली. दुसऱ्या दिवशी सहा झाल्या. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी शौचाला बसल्यावर उठता येईना, तेव्हा बाभळीची फांदी धरून तो उठला आणि हाताला काटे भरले. काटे मनकर्णाबाईनं काढले. सुई फिरवताना ती एवढंच म्हणाली, की सुई तरी नीट दिसते अजून, तेवढं बरं.

चार

आखाडीपर्यंत चाळीस. पोळ्यापर्यंत ऐंशी. दसऱ्याला शंभर झाल्या, आणि शंभर झाल्याचा आनंद व्हायच्या आधीच त्याला झोप लागली, तिथंच, ओट्यावर, घामासकट.

मग वाळू. नदीतून वाळू आणून तो जुन्या पायलीनं पोत्यात भरू लागला. लाभ, एक, दोन, तीन, चार. दर आठ दिवसांनी एक पायली जास्त. पोतं पाठीवर घेऊन तो गावाबाहेरच्या खळ्यापर्यंत जाई आणि परत येई. रस्त्यात धाडहून बुलढाण्याला जाणारी एसटी दिसे. तिच्यातली माणसं खिडकीतून पाहत. कोणी ओळखीचं असलं तर विचारी, "उकंडराव, काय बांधून राह्यले?" तो म्हणे, "घर." एवढं म्हणायलाही दम पुरत नसे.

थकवा असा होता, की तो झोपेनंही जात नसे. तो घरातच राही. जेवताना भाकरीचा तुकडा हातात असायचा आणि हात वर यायचा नाही. लोक बोलायचे आणि त्याला शेवटचा शब्दच ऐकू यायचा. अंग उतरलं, मान उघडी पडली, पोटऱ्यांना दोरखंडाचा पीळ आला. पण आरशात पाहिलं तर तोंड म्हाताऱ्याचं. पाय एका माणसाचे आणि तोंड दुसऱ्याचं.

मनकर्णाबाई जवसाचं तेल कोमट करून त्याचे गुडघे चोळायची. एकदा चोळता चोळता ती म्हणाली, "खाटेवर बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"बसलोच होतो ना आजवर."

"हाव," ती म्हणाली. तिचा अंगठा गुडघ्याच्या वाटीभोवती फिरत राहिला. "म्या कव्हा बसून पाह्यलं?"

तेलाची वाटी उचलून ती चुलीकडं गेली, कारण डाळ लागत होती.

पाच

पाच वेळा त्यानं हे सगळं सोडून दिलं. पाचही वेळा कोणाला सांगितलं नाही, म्हणून पुन्हा धरताना लाज वाटली नाही.

सहा, सात

पौषातला बाजार. आवारात धान्य आलेलं, त्यामुळं गर्दी. कादरनं त्याच्या पाठीला गोणपाटाची खोळ बांधली.

"कंबर वाकवा, मान नाही. फळीवर थांबायचं नाही. थांबलं की पोतं विचार करते."

"पोतं?"

"हाव. पोत्याले विचार करू देऊ नका."

पहिलं पोतं पाठीवर आलं तेव्हा उकंडरावाला आश्चर्य वाटलं. हलकं वाटलं. वाळूच्या पोत्याहून हलकं. तोंडातल्या तोंडात तो म्हणाला, लाभ, आणि निघाला. चाळीस पावलं. फळी लवली. थप्पी. फळी उसळून वर आली. काट्याशी इंद्रभान ओरडला, "एक."

दुसरं. तिसरं. चौथं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की म्हातारा चालते ना बे. पाचव्याला कानात शिट्टी सुरू झाली. सहाव्याला ती शिट्टी थांबली आणि काहीच ऐकू येईना, फक्त स्वतःचा श्वास आणि कुठंतरी इंद्रभान. सातव्याला डाव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. आठव्याला तो गुडघा त्याचा राहिला नाही. नवव्याला तो चालत होता की पडता पडता पुढं जात होता, हे त्याला सांगता आलं नसतं. दहावं पोतं त्यानं थप्पीला लावलं आणि फळीवरून खाली आला.

"दहा," इंद्रभान म्हणाला. "झालं, काका."

उकंडराव काट्यापुढं जाऊन वाकला आणि पाठ दिली.

आठ

"काका, झालं. दहा झाले."

"नऊ."

"दहा, काका. मी लिहिले ना."

"पह्यलं लाभाचं होतं," उकंडराव म्हणाला. वाकलेलाच होता तो, जमिनीकडं पाहत बोलत होता. "ते मोजणीत येत नाही. नऊ झाले."

इंद्रभाननं भगवानरावांकडं पाहिलं. भगवानराव बिल्ला हातात घेऊन पुढं आले. "अहो उकंडराव, इथं आता किलो आहे. लाभ-बिभ काही नाही. सरळ मोजणी. मिळाला बिल्ला तुम्हाला."

"कादर, पोतं दे."

कादर हलला नाही. "दादा, ऐका मायं. बिल्ला घ्या आणि चला."

"दे म्हणतो ना बे."

आजूबाजूची दोन-चार जुनी माणसं कुजबुजली. लाभ काय ते त्यांना माहीत होतं, आणि उकंडरावाचं बरोबर आहे हेही. पण कोणी मोठ्यानं बोललं नाही, कारण बोललं असतं तर म्हाताऱ्याला अकरावं न्यावं लागलं असतं. नाही बोललं तरी तो नेणारच होता. कादरनं तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं, फार हलक्या हातानं, जसं काही हलकं ठेवल्यानं ते हलकं होणार होतं.

चाळीस पावलं गेली. फळीवर तो अर्धा चढला, आणि थांबला.

तो पडला नाही. पोतंही पडलं नाही. फळी लवलेली तशीच राहिली. उजवा पाय वर, डावा खाली, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचं ऐकेना. वर जाता येईना, खाली येता येईना. घाम नाकाच्या शेंड्यावरून फळीवर पडत होता, आणि उकंडराव तो मोजत नव्हता.

कादर फळीवर मागून चढला. पाठ लावून त्यानं पोतं आपल्याकडं घेतलं, उकंडरावाच्या बाजूनं पुढं गेला आणि थप्पीला लावलं. वरून म्हणाला, "हे मायं झालं."

हमालांचा तो नियमच होता. जो थप्पीला लावेल त्याचं पोतं. उकंडरावाला नियम माहीत होता.

भगवानरावांनी खाली उभं राहून हात पुढं केला. पितळी बिल्ला, त्यावर सत्तावीस आकडा. उकंडराव फळीवरून एकेक पाय टाकत उतरला. नऊ झाले, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण ते वाक्य म्हटलं, की पुढल्या बाजाराला पुन्हा यावं लागणार. पुन्हा वाळू, पुन्हा तेल, पुन्हा भिंत धरून सहा. ते सगळं त्याला एकदम दिसलं, आणि तोंड मिटलं. त्यानं बिल्ला घेतला.

माप अपुरं होतं. ते घेताना त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

नऊ

दुपारी मनकर्णाबाई फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन आवारात आली. तो गोदामाच्या सावलीला पाय लांब करून टेकला होता. डावा गुडघा कोहळ्याएवढा सुजला होता. ती त्याच्या शेजारी बसली. खाली, जमिनीवर, पाठ भिंतीला टेकून.

"भेटला?"

त्यानं बंडीवरचा बिल्ला दाखवला. तिनं तो बोटानं पुसला.

"किती झाले?"

रोज सकाळी त्याचं लाभापासूनचं मोजणं शेण थापता थापता तिनं ऐकलेलं. तिला खोटं सांगून भागणार नव्हतं.

"दहा," तरी तो म्हणाला.

ती त्याच्याकडं पाहत राहिली, मग गुडघ्याकडं. भाकरी मोडून तिनं अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "जेवा."

त्याचे दोन घास झाले असतील. आवाराच्या फाटकातून ट्रक आत आला, मागच्या बाजूनं वळत, धूळ उडवत. हमाल उठले. कादर ट्रकच्या फळीवर हात आपटत ओरडला, "साठ पोती आहेत, चला रे." मग त्यानं सावलीकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "दादा, तुम्ही आज राहू द्या."

"उद्या किती येतात?"

"उद्या दोन गाड्या."

उकंडरावानं उरलेली भाकरी मनकर्णाबाईच्या फडक्यात परत ठेवली. उजवा हात भिंतीला लावला. पहिल्यांदा उठता आलं नाही. मनकर्णाबाईनं खांदा पुढं केला आणि तो धरून तो उठला.

"बांध खोळ. एक बाकी आहे," तो कादरला म्हणाला, आणि रांगेत जाऊन चौथा उभा राहिला.