संग्राहक : तुळसाबाई

चिन्मयीनं पेटीचं काचेचं झाकण उचललं आणि टाचणीला खोचलेला कागदाचा कपटा भिंगातून वाचून दाखवला.

"खापा, कन्हानचा काठ. सप्टेंबर एकोणीसशे ब्याण्णव. संग्राहक, तुळसाबाई."

दीक्षाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी भिंग मागून घेतलं. काळ्या भुंगेऱ्याखाली, मोहरीएवढ्या अक्षरात, आईचंच नाव होतं.

"असे चारशे आहेत," चिन्मयी म्हणाली. "या कोण, ते विचारायलाच तुम्हाला बोलावलं."

"माझी आई. तिले तर सहीसुद्धा येत नव्हती."

आनंदराव, दीक्षाबाईंचे थोरले भाऊ, गेल्या हिवाळ्यात कॅनडात वारले. शेणकिड्यांचा आपला सारा संग्रह त्यांनी नागपुरात जिथं एमएस्सी केलं त्या कॉलेजला ठेवला होता. चिन्मयी तिथं प्राणिशास्त्र शिकवायची.

कॅनडात ते गेले होते ते रसायनतज्ज्ञ म्हणून, चौऱ्याऐंशी साली, एका रंगाच्या कारखान्यात. रंग दिलेले पत्रे उघड्यावर वाळत ठेवायचे आणि त्यांवर भुंगेरे चिकटून बसायचे. ते खरवडून काढणं हे त्यांचं काम. खरवडता खरवडता ते त्यांची नावं शोधू लागले, आणि सात वर्षांनी नोकरी सोडून एका संग्रहालयात बिनपगारी बसू लागले. पुढे जगभरातून लोक त्यांच्याकडे शेणकिडे ओळखायला पाठवत. पण खाप्यात, घरी, तेव्हा एवढंच कळलं की मुलगा शेणात हात घालतो.

वडील, भैय्याजी, शाळेचे हेडमास्तर. छप्पन साली विशीत असताना त्यांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला होता, मुलीचं नाव त्यावरूनच ठेवलं होतं. कडक इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पडत नसत. ज्या घाणीतून बाहेर यायला पिढ्या गेल्या, तिच्यात हा आपल्या मर्जीनं परत उतरला, असं म्हणून त्यांनी आनंदचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. दीक्षाबाई तेव्हा लग्न होऊन नागपुरात होत्या. त्यांनीही ते नाव टाळलं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आई गेली. तार केली आहे, असं बाबांनी सांगितलं. दादा आला नाही. तीन वर्षांनी बाबा गेले तेव्हा दीक्षाबाईंनी स्वतः फोन केला, आणि तो आला. दहा दिवस राहिला. आई कशी गेली, हे त्यानं एका शब्दानंही विचारलं नाही. त्यानंतर दीक्षाबाईंनी त्याचा फोन कधी घेतला नाही.

"किडे काडेपेटीतून यायचे," चिन्मयी सांगत होती. "बरोबर मराठीत चिठ्ठी असायची. आनंदराव सरांनी सगळ्या जपून ठेवल्यात." तिनं एक फुगलेला लिफाफा पुढे केला.

पहिलीच चिठ्ठी उघडून दीक्षाबाई थांबल्या. ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं अक्षर. या अक्षराखाली त्यांनी पाटीवर बाराखडी गिरवली होती. *गायीच्या शेणात, सकाळी, नदीकडल्या उतारावर. वेचणार तुळसाबाई.* खाली-वर एकही शब्द नाही. दुसरी तशीच. विसावी तशीच. आई सांगत होती आणि बाबा लिहून घेत होते.

"हे माझ्या बाबांचं अक्षर हाये," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

चिन्मयी जरा घुटमळली. "एक अडचण आहे. ही चिठ्ठी नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवची."

दीक्षाबाईंनी तारीख दोनदा वाचली. आईला जाऊन तीन महिने झाले होते. खाली तेच अक्षर होतं, *वेचणार तुळसाबाई*. त्यापुढची चिठ्ठी नव्व्याण्णवची, त्यापुढची दोन हजारची. प्रत्येकीवर आई जिवंत होती.

तार गेलीच नव्हती. ती गेली असती, तर काडेपेट्याही थांबल्या असत्या.

इस्त्रीच्या सदऱ्यातले बाबा नदीच्या उतारावर शेणापाशी उकिडवे बसलेत, हे दीक्षाबाईंच्या डोळ्यांपुढे येईना.

"म्हणजे आई आहे असंच समजून दादा..."

"नाही," चिन्मयी म्हणाली. "तीच तर अडचण आहे." तिनं शेवटची पेटी जवळ सरकवली. "चिठ्ठ्यांवर तुळसाबाई आहे. पण सरांनी टाचणीवर लिहिलंय ते बघा."

दीक्षाबाईंनी भिंग लावलं. संग्राहक, भैय्याजी. पुढच्यावर भैय्याजी. त्या ओळीत सगळीकडे भैय्याजी.

"हे दादानं मागाहून बदललं असंल."

"कपट्याच्या मागं, टाचणी लावल्याची तारीख असते. डिसेंबर अठ्ठ्याण्णव." चिन्मयीनं दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. "या आधीच्यांत एकाचाही पाय मोडलेला नाही. आणि हे बघा, पाय तुटलेत, मिशा गेल्यात. हात बदलला हे त्यांना पहिल्याच काडेपेटीत दिसलं असणार."

दीक्षाबाईंना ते दहा दिवस आठवले. दादा बाबांच्या फोटोपुढे बसून असायचा आणि त्या मुद्दाम आईचं नाव काढायच्या. तो मान खाली घालून उठून जायचा. एक प्रश्न त्यानं विचारला असता, तर तारेची गोष्ट उघडी पडली असती.

"कॉम्प्युटरवर कोणाचं नाव टाकू, मॅडम?" चिन्मयीनं हलकेच विचारलं. "चिठ्ठीवरचं, की टाचणीवरचं?"

"दादानं लिहिलं तेच."

मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लिफाफा आपल्यापुढे ओढला आणि बसल्या.

"चिठ्ठ्या मी वाचते, तू टाइप कर," त्या म्हणाल्या. "बाबांचं अक्षर तुले लागणार नाही."