लाखोरीचे पाणी

माझी मावशी धुरपताबाई गोंदिया शहरात प्रसिद्ध झाली, त्यामागे कोणाचीही योजना नव्हती. केबलवाल्या छोटेलालने एका लग्नाची चित्रफीत आपल्या स्थानिक वाहिनीवर दाखवली. तीत नवरदेवापेक्षा जेवण रांधणारी मावशीच अधिक वेळ दिसत होती, कारण चित्रण करणारा भुकेला होता. लग्नाविषयी कोणी काही विचारले नाही. भाजीत काय घातले होते, हे विचारणारे फोन मात्र आले. २००५च्या दिवाळीनंतर दर रविवारी दुपारी मावशीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू झाला.

प्रभाव हा शब्द मी जपून वापरतो. मावशीने रविवारी अंबाडीची भाजी दाखवली की सोमवारी बाजारात अंबाडी मिळत नसे. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारण असतेच असे नाही, हे मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी सांगतो. पण माझी पत्नी मोनाली कार्यक्रम चालू असतानाच गॅस पेटवून उभी राहत असे, हे मी स्वतः पाहिले होते. मिठाच्या प्रमाणाबद्दल माझे मत तिने लग्नानंतर कधी विचारलेले नव्हते.

आम्ही बौद्ध. ज्या प्रकारच्या घरांत मावशीच्या आईला ओसरीखाली उभे राहावे लागे, तशाच घरांतल्या सुना आता मावशीचे प्रमाण उचलत होत्या. मावशी याविषयी बोलत नसे. चित्रणाच्या दिवशी साडीला इस्त्री मात्र ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

पुढच्या फेब्रुवारीत तिने लाखोरीचे वडे दाखवले. धान कापल्यावर शेताच्या बांधीत उरलेल्या ओलीवर पेरली जाणारी ही डाळ आमच्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत असते. तेव्हा राज्यात तिच्या विक्रीवर बंदी होती आणि बंदीमागचे कारण खरे होते. लाखोरीत एक विषारी द्रव्य असते. ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. हे द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून आमच्या आजोळी डाळीवर उकळते पाणी ओतायचे, ते फेकायचे आणि मग पुन्हा तेच करायचे, अशी रीत होती. विष पूर्ण जात नाही, पण बरेच कमी होते.

त्या रविवारी मावशीने डाळ घरून भिजवून नेली होती. वाटताना पीठ घट्ट झाले. तिने डाळीच्याच भांड्यातले ओंजळभर पाणी त्यात घातले आणि मूग, चणा, मठ यांच्याबद्दल नेहमी म्हणायची तेच वाक्य कॅमेऱ्याकडे पाहून म्हटले. शहरातल्या बायकांना ते आता तोंडपाठ झाले होते.

"भिजवलेलं पानी फेकू नका. सत्त्व त्यातच असते."

आमच्या स्वयंपाकघरात मोनालीने मावशीला विचारून आदल्या रात्रीच लाखोरी भिजवली होती; मोरीकडे नेलेले भांडे तिने परत ओट्यावर आणून ठेवले.

"ते ओतून टाक," मी म्हणालो.

"मावशी नको म्हणतात."

"मी रसायनशास्त्र शिकवतो."

"शिकवा ना. वडे मावशी शिकवतात."

अखेर पाणी मोरीत गेले, पण ते माझ्या युक्तिवादामुळे नव्हे. मी स्वतः ते ओतले.

संध्याकाळी मावशीकडे गेलो, तेव्हा पुढच्या रविवारचे ठरवण्यासाठी छोटेलाल आधीच येऊन बसला होता. मी सांगितलेले मावशीने पूर्ण ऐकून घेतले.

"मी असं म्हनली?"

"म्हणालीस."

"जिभेले सवय लागून गेली, भूषण. घरी तं मी उकळतं पानी दोनदा फेकलं होतं. ते तिसरं होतं."

"ते फक्त तुला ठाऊक. पाहणाऱ्याने फेकू नका एवढेच ऐकले. एकदा वडे खाणाऱ्याला काही होणार नाही. रोज खाणाऱ्याला होऊ शकते. चिचगडकडच्या खेड्यांत दोन्ही वेळ लाखोरी खाणारी घरे आहेत. तुझा कार्यक्रम तिकडे दिसतो का?"

उत्तर छोटेलालने दिले. "केबल नहीं जाता सर. सीडी जाती है. देवरी, चिचगड, सब बाजार में बिकती है." हे सांगताना त्याच्या आवाजात आलेला अभिमान वाक्य संपेपर्यंत विरला. मग तो मावशीकडे वळला. "मौसी, अगले हफ्ते खीर दिखा देंगे. लोग भूल जाएँगे. गलती बोलोगे तो लोग कहेंगे, बाई ने जहर सिखाया."

"लोक इसरतात काय रे? माही गोष्ट लोक इसरत असते, तं मी टीवीवर कायले येऊन राहिली असती?"

"और शामकला के घर की शादी?"

शामकला ही तांदळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची सून. एप्रिलमध्ये तिच्या नणंदेचे लग्न होते आणि त्याचा सगळा स्वयंपाक मावशीकडे आला होता. तशा घरातून असे बोलावणे मावशीला प्रथमच आले होते.

मी सुचवले की मीच कार्यक्रमात येऊन शास्त्रीय खुलासा करतो.

"तू बोलशीन तं बाया गॅसवर च्या ठेवाले उठून जातीन," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मावशीने खीर केली नाही. तिने पुन्हा लाखोरीच भिजवली, डाळीचे पाणी कॅमेऱ्यासमोर मोरीत ओतले, पुन्हा उकळते पाणी घातले आणि तेही ओतले. "मागच्या टायमाले मी चुकीचं सांगतलं," ती म्हणाली. "मुगाची गोष्ट मी लाखोरीले लावली. लाखोरीचं पानी ठेवाचं नाई. फेकलं तरी रोज खाची नाई. पाय जातात." छोटेलालने यातले काही कापले नाही, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. दुसऱ्या दिवसापासून मोनाली मुगाचेही पाणी फेकू लागली.

त्याच आठवड्यात शामकला मावशीकडे आली, तेव्हा मी तिथेच होतो.

"मौसी, मुझे तो आपका ही खाना पसंद है," ती म्हणाली. "पर ससुरजी नागपुर से केटरर बुला रहे हैं. बोले, जिसको खुद ही पक्का नहीं..." पुढचे तिने टाळले.

"समजलं बाई. घरी लाखोरी हाय काय तुह्या?"

"है थोड़ी."

"पानी फेकजो."

ती गेल्यावर, काम हातचे गेले, असे काहीसे मी बोललो. मावशी गहू निवडत होती. "लग्न त्याइचं हाय," ती म्हणाली. "गेले असते, ते पाय कोनाचे हायत?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण पुढचे काही रविवार कॅमेऱ्यासमोर ती प्रत्येक वाक्याआधी थांबत असे. छोटेलाल म्हणे, "मौसी का रिदम गया."

मार्चमध्ये एका नातेवाइकाकडे चिचगडला जाणे झाले. तिथे मी लाखोरीची चौकशी केली. बहुतेक घरांत पाणी पूर्वीपासूनच फेकत आणि माझा प्रश्न त्यांना विनोदी वाटला. नातेवाइकाच्या शेजारी उदारामच्या घरी मात्र त्याची बायको खुशबू हिने सीडी पाहून पाणी ठेवायला सुरुवात केली होती. सासू रुक्माबाई त्यावरून रोज भांडत असे; पण टीव्हीपुढे सासूचे काही चालत नव्हते. दुसरी सीडी बाजारात आल्यावर पाणी पुन्हा उकिरड्यावर जाऊ लागले. खुशबूने मला वडेही खाऊ घातले.

परत आल्यावर मी हे सगळे मावशीला सांगितले आणि एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हेही सांगितले.

"लाखोरी रोज खात होते ते?"

"दोन्ही वेळ. तीन लेकरे आहेत घरात."

मग तिने विचारले, "सासू काय म्हनते आता?"

"म्हणते, टीवीवाली बाई आत्ता कुठं शिकली."

मावशी हसली. त्या रविवारनंतर मी तिला हसताना पाहिले नव्हते. "बरोबर म्हनते," ती म्हणाली. "सुनेचे वडे कसे होते?"

"कांदा जास्त होता."

"किती जास्त?" तिने विचारले आणि मी हाताने दाखवू लागलो, तशी ती समोर येऊन बसली.