मायसाठी शिवलेली कॉलर

चंद्रपुरात फॅशन डिझाइन शिकून राह्यली मी, शेवटचं वर्ष. मॅडमनं सांगितलं, रोजच्या जगण्यातली एखादी अडचण घ्या अन् तिच्यावर कपडा शिवा. कोणी घामासाठी कुर्ता केला, कोणी बसच्या गर्दीसाठी पर्स. मी म्हटलं, आमच्या गावची अडचण चार पायांची आहे. मुलचेऱ्याकडच्या आमच्या जंगलात बाया वाकून मोहफुलं वेचतात, अन् वाघ धरतो तो मागून, मानेलेच.

म्हणून कॉलर शिवली. ताडपत्रीचं दुहेरी कापड, आत प्लास्टिक पाइपाच्या पट्ट्या, खांद्यापासून डोक्याच्या मागपर्यंत उंच. हॉस्टेलच्या पोरींनी सळाखीनं टोचून पाह्यली, लटकून पाह्यली. काहीच झालं नाई. मॅडम म्हणाल्या, "रंजीता, आता वापरणाऱ्या माणसावर तपासून आण."

वापरणारं माणूस म्हणजे माझी माय, सोमारी. काल गावी आली, अन् आज सकाळी मीच तिच्या गळ्यात बांधली, फोटो काढले, टोपली देऊन पाठवली. लय खूश होती मी, येडी!

पण जीव काही घरात लागेना. दुसरा नग स्वतः घालून पट्टा बसतो का पाहत होती, तेवढ्यात शेजारची इंदिराबाई समोर येऊन उभी, लालबुंद. ओठ हलत होते. मी कॉलर खाली ओढली.

"बहिरी झालीस का वो? दारातून किती हाका मारून राह्यली मी!"

कान! देवा रे, कॉलर कानावरून गेली होती. एवढं टोचलं, एवढं लटकलो, पण कानाचं एकीच्याही टाळक्यात आलं नाई. अन् मोहाखाली बाया जगतात त्या कानावरच. एकमेकींले हाका देत वेचतात. वाघ पाहून वांदर खाकरला का टोपल्या टाकून साऱ्या रस्त्यावर येतात.

मी गळ्यातली कॉलर फेकली अन् चप्पल न घालताच जंगलाकडं पळाली. बाया रस्त्यावर गोळा होऊन ओरडून राह्यल्या होत्या, "सोमारी! ये सोमारी!" झाडावर वांदरं खॅक-खॅक करत होते. अन् माय तिकडं दूर, एका मोहाखाली, आमच्याकडे पाठ करून निवांत वेचत होती. आत जायची कोणाची हिंमत होत नव्हती.

मी गेली. किती भ्याली होती ते माझं मले माहीत. समोर जाऊन उभी झाली तर ती हसली. मी तिची कॉलर हिसकून काढली.

"तुले ऐकू येत नव्हतं ना?"

"नाई. सकाळपासून काहीच नाई."

"मंग काढली काऊन नाई, माय?"

"म्या म्हटलं, पोरगी एवढी शिकली, तिनं इचार केलाच असन."

मले रडू फुटलं. तेवढ्यात तिनं वर पाह्यलं. वांदरं आता ऐकू आले तिले. टोपली तिथंच टाकली, माझं मनगट धरलं.

"चाल," म्हणाली, अन् मले पुढं घालून स्वतः माझ्या मागं चालू लागली, उघड्या मानेनं.