दुसऱ्या क्रमांकाचा आजार

विद्यापीठात सगळे तिला पाठीमागे सुईणबाई म्हणत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं मुरत पडलेलं संशोधन बाहेर काढायचं, त्याचं पेटंट करायचं, त्याची कंपनी नोंदवायची आणि ती स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत संशोधकाचा हात सोडायचा नाही, हे तिचं काम होतं. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते मनातून आवडलंही होतं. तिची तळमजल्यावरची खोली पूर्वी काचेची भांडी ठेवायची होती. कोपऱ्यातलं सिंक तसंच राहिलं होतं आणि त्याचा नळ कितीही पिळला तरी गळायचा.

स्नायूंवर काम करणारा तो संशोधक पहिल्यांदा आला, तेव्हा अर्धा तास भिंतीकडे बघत बोलला. शर्टाच्या खिशाला मार्करचे निळे डाग होते. त्याने तयार केलेलं एक प्रथिन उंदरांना टोचलं, की त्यांचे सुकत चाललेले स्नायू सुकायचे थांबत होते. आलेख चांगले होते. सांगणं मात्र असं होतं, की ऐकणाऱ्याचा डोळा लागावा.

"औषध चालतं असं धरून चालू," तिने नेहमीचा प्रश्न टाकला. "विकत कोण घेणार?"

"माझी बहीण."

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिचं हसू तिथेच विरलं.

त्याच्या धाकट्या बहिणीला स्नायूंचा एक आजार होता. इतका दुर्मीळ, की डॉक्टरसुद्धा नाव ऐकून पुस्तक उघडायचे. सुरुवात पायांपासून झाली होती, आता दंड आणि खांदे चालले होते, आणि शेवटी पाळी श्वासाची येणार होती. तो आधी वनस्पतींवर काम करायचा. बहीण कॉलेजच्या जिन्यात कारण नसताना पडली, त्या वर्षी त्याने विषय बदलला. विभागप्रमुखांनी वेड्यात काढलं, पण त्याने कुणाचं ऐकलं नाही.

पुढचे काही महिने सुईणबाई त्याच्यामागे हात धुऊन लागली. पेटंटचा अर्ज झाला, कंपनी नोंदवली गेली, गुंतवणूकदारांसमोर बोलायची तालीम सुरू झाली. एका तालमीला त्याने बहिणीलाच आणलं. चाकांची खुर्ची दारात अडकली, ती दोघांनी तिरकी करून आत घेतली.

"ताई, तुम्हीच का त्या सुईणबाई?" धाकटीने आल्या आल्या विचारलं.

"अगं!" दादा कानापर्यंत लाल झाला.

"मीच ती," सुईणबाई म्हणाली. "आणि तुझा भाऊ अडलेलं बाळंतपण आहे."

धाकटी इतकी हसली, की तिला धाप लागली. घरी बसून ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. त्यामुळे चूक दिसली की तिला गप्प राहवायचं नाही. "दादा, तू बोलतोयस की पाढे म्हणतोयस? समोरच्याच्या घरी कुणीतरी आजारी आहे असं समज आणि त्याला सांग." तो पुन्हा सुरू करायचा, ती पुन्हा अडवायची. हळूहळू त्याची नजर भिंतीवरून माणसांवर आली.

बोलणं सुधारलं, पण पैसे काही मिळेनात. जो तो कौतुक करायचा, चहा पाजायचा आणि बाहेरची वाट दाखवायचा. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, या आजाराचे रुग्ण आहेत किती? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची कुठे नोंद नव्हती, ते दूर दूर विखुरलेले होते. त्यांना गोळा करून चाचणी घ्यायची म्हणजे निम्मं आयुष्य गेलं असतं. शेवटी एक गुंतवणूकदार बाई स्पष्टच बोलल्या, "म्हाताऱ्या माणसांचं खुब्याचं हाड मोडतं, ती अंथरुणाला खिळतात आणि पाय सुकून जातात. हेच औषध त्यांच्यासाठी करा. मी उद्या सही करते."

सुईणबाईने आठवडाभर ते मनात घोळवलं. तज्ज्ञांना विचारलं, आकडेमोड करून पाहिली. मग त्याला बोलावून घेतलं.

"आधी म्हातारी माणसं," ती म्हणाली. "ती चाचणी होऊ शकते. ती झाली की कंपनी जगेल, आणि मग त्याच बळावर तुमच्या बहिणीचा आजार हाती घेता येईल."

"म्हणजे तिला रांगेत मागे उभी करू?"

"आत्ता रांगच नाहीये, डॉक्टर. मी रांग लावायला सांगतेय."

तो उठला. "तुमच्या घरातलं कुणी असतं, तर हे बोलला असतात?" एवढंच म्हणून निघून गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप.

आली ती धाकटी. एका दुपारी शेजारच्या रिक्षावाल्याने तिला खोलीपर्यंत आणून सोडलं आणि तो बाहेर थांबला.

"तो घरी जेवत नाहीये धड," ती म्हणाली. "मला सगळं सांगितलंय त्याने. आता तुम्ही खरं सांगा. त्याच्या वाटेने गेला तर औषध माझ्यापर्यंत पोहोचेल?"

"नाही. मध्येच पैसे संपतील आणि गाशा गुंडाळावा लागेल."

"आणि तुमच्या वाटेने?"

सुईणबाईला खोटं बोलता आलं असतं. समोरचे डोळे मुद्रित तपासणारे होते.

"तुझ्या आजारापर्यंत पोहोचेल," ती म्हणाली. "तुझ्यापर्यंत बहुतेक नाही."

धाकटीने मान खाली घातली. मांडीवरचा डावा हात उजव्या हाताने उचलून तिने नीट सरळ ठेवला. मग पाणी मागितलं. पेला सुईणबाईने तिच्या ओठांना लावला.

"मग मीच त्याला तयार करते," ती म्हणाली. "तुमचं नाही ऐकायचा. मी म्हणेन, ताई सांगतात की माझ्या वेळेपर्यंत नक्की होईल. एवढं तुम्ही खोडून काढू नका."

"त्याला कळेल गं. तो शास्त्रज्ञ आहे."

"माझ्या बाबतीत नाहीये तो शास्त्रज्ञ." ती किंचित हसली. "त्याने माझ्यापायी झाडं सोडली, ताई. आता मी गेल्यावर त्याच्या हातात काहीतरी उरू दे. आत्ताच सगळं बुडालं, तर तो नुसता माझ्याकडे बघत बसेल. मला ते बघवणार नाही."

सुईणबाईने मनावर दगड ठेवून मान हलवली.

दोन दिवसांनी तो आला आणि सही करायला तयार आहे म्हणाला. त्यानंतर कामाने वेग घेतला. विद्यापीठामागच्या इमारतीत कंपनीला दोन खोल्या मिळाल्या, शीतकपाटं आली, माणसं नेमली. तो सतत हिशेब मांडायचा, ही चाचणी अमुक महिन्यात संपली की लगेच तिची. "होईल ना मॅडम वेळेत?" तो विचारायचा, आणि सुईणबाई दुसऱ्याच कागदाकडे वळायची.

म्हाताऱ्यांची चाचणी अर्ध्यावर आली होती, तेव्हा धाकटीला साधा खोकला झाला. तो छातीत उतरला. आठवड्याभरात ती गेली.

सुईणबाई भेटायला गेली, तेव्हा आई दारातच बसली होती. तिने सुईणबाईचा हात धरून शेजारी बसवलं. "तुमच्याकडे यायचं म्हटलं की सकाळपासून कुठला कपडा घालू म्हणून मला भंडावून सोडायची," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. ती आत गेली, तेव्हा तो मुद्रितांचे गठ्ठे बांधत होता. परत पाठवायचे होते. तो मान वर न करता बोलला.

"शेवटपर्यंत तिला वाटत होतं वेळेत होईल म्हणून. मी तिला फसवलं."

सुईणबाईला ते ऐकवेना. दिलेला शब्द तिला आठवत होता, पण हा माणूस असा उरलेलं आयुष्य काढेल हेही दिसत होतं.

"तिला माहीत होतं," ती म्हणाली. "ती मला भेटायला आली होती. मी सांगितलं होतं तिला."

त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं," तो म्हणाला. "आणि मी रोज तिला तारखा सांगत होतो. ती ऐकून घेत होती."

 सुईणबाई परत दारात आईजवळ जाऊन बसली.

चाचणी यशस्वी झाली. अंथरुणाला खिळलेली माणसं काठी धरून न्हाणीघरापर्यंत जायला लागली. कंपनी मोठी होऊन दुसरीकडे गेली. त्याच्याकडून सुईणबाईला फक्त कामाच्या चिठ्ठ्या यायच्या, त्यात चकार शब्द जास्त नसायचा. ती नवनवीन संशोधकांच्या कंपन्या उभ्या करत राहिली. पण 'आधी हे, मग ते' असं कुणाला सांगताना आता तिची जीभ अडखळायची.

काही वर्षांनी तो स्वतः तिच्या खोलीत आला. केस पांढरे झाले होते. धाकटीच्या आजाराच्या चाचणीला परवानगी मिळाली होती. रुग्णांची यादी त्याने गावोगाव फिरून स्वतः गोळा केली होती.

"तुम्ही बरोबर होतात," तो म्हणाला. "म्हणूनच तुमच्याशी बोलवत नव्हतं."

"मी बरोबर नसते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"उद्या पहिला डोस आहे. येता का?"

पहिली रुग्ण एक शिवणकाम करणारी बाई होती. तिला कात्री उचलता येईनाशी झाली होती. तिने नव्या ब्लाऊजच्या बाह्या मुद्दाम सैल शिवून घेतल्या होत्या, सुई टोचायला सोपं जावं म्हणून. परिचारिकेने सलाइन लावलं. बाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, घाबरलात की काय? सुई मला टोचलीय."

तो हसायला गेला, पण त्याचा चेहरा वाकडा झाला. "आलोच," म्हणून तो बाहेर गेला. काचेच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. खिडकीच्या गजांना त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि खांदे हलत होते.

"काय झालं हो त्यांना?" बाईने विचारलं.

"त्यांची बहीण होती," सुईणबाई म्हणाली. "तुमच्यासारखीच."

 मग तिने स्टूल ओढलं आणि ती बाईजवळ बसली. बाटली संपायला अजून बराच वेळ होता.