इशारा

मेंदूतली तारकापेशी उजळते तेव्हा आधी तिची टोकं उजळतात, मध्य नंतर. संगणकाच्या पडद्यावर हिरवट प्रकाश एखाद्या फांदीच्या शेंड्याला दिसतो, क्षणभर तिथेच रेंगाळतो आणि मग सावकाश खोडाकडे सरकतो. चेतापेशीसारखी घाई तिला नसते. म्हणूनच लोक बरीच वर्षं तिला मुकी समजत होते: चेतापेशींना आधार देणारी, त्यांना खाऊपिऊ घालणारी, पण बोलण्यात भाग न घेणारी.

मॅडमच्या प्रयोगशाळेचं नाव झालं होतं ते या तारकापेशीच्या कानांमुळे. चेतापेशीला अगदी क्षीण, न जाणवण्याइतका विजेचा झटका दिला, तरी शेजारची तारकापेशी तो ऐकते, उजळते आणि आजूबाजूच्या चेतापेशींना जागं करते, असं त्यांनी लेख छापून दाखवलं होतं. भिंगरीचा प्रबंध याच शोधावर उभा होता. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. दिवसभर पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची, म्हणून मॅडमनीच ते ठेवलेलं. पुढच्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा होती आणि दुसऱ्या शहरात नोकरी तिची वाट पाहत होती.

त्या दिवशी परीक्षकांनी मागितलेली शेवटची चाचणी चालली होती. जाड टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याच्याखाली खाऱ्या पाण्यात ठेवलेला उंदराच्या मेंदूचा काप, भोवती काळा पडदा. पडद्याच्या आत भिंगरी, बाहेर झटक्याच्या बटणाशी मॅडम. प्राणवायूच्या बुडबुड्यांच्या आवाजात आतलं बोलणं नीट ऐकू येत नसे, म्हणून आतल्या माणसानं टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि बाहेरच्यानं झटका द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. मॅडमनीच पाडलेली.

आज भिंगरीच्या बोटाला पट्टी होती. काच लागली होती.

“द्या, मॅडम!” ती आतून ओरडली.

मॅडमनी बटण दाबलं.

“काहीच नाही. परत द्या बरं.”

परत दिला.

“ढिम्म! पेशी रुसल्यात माझ्यावर. आता जाताना काय पाया पडू का तुमच्या, बायांनो?”

मॅडम हसल्या नाहीत. पेशी का गप्प आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी भिंगरी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि त्या एकट्याच काम करत होत्या. एकटं माणूस इशारा कुणाला करणार? त्यांनी नुसते झटके दिले. पेशी काळ्याच राहिल्या. पेशी उजळवणारा रंग शिळा झाला असेल असं वाटून त्यांनी कंटाळून चष्मा टेबलावर टाकला, आणि संगणकाच्या पडद्यावर पेशींची टोकं उजळली.

मग टेबलाखाली वाकून त्यांनी एक झडप उघडली. हे टेबल खरं तर हवेच्या गाद्यांवर तरंगायचं, जमिनीची थरथर वर पोहोचू नये म्हणून. पण हवा सतत सूं सूं करायची, डोकं उठायचं, म्हणून फार पूर्वी त्यांनीच ती बंद करून टाकली होती. आता टेबल किंचित वर उचललं गेलं. त्यांनी कडेवर टकटक केली. पेशी गप्प. झटका दिला. तरी गप्प.

म्हणजे पेशींना ऐकू येत होती ती टकटक. झटका नव्हे. तारकापेशी नुसत्या हादऱ्यालाही उजळतात, हे काही नवीन नव्हतं. त्या स्वतःच वर्गात शिकवत. आणि झटक्याविना केलेल्या ताळ्याच्या चाचण्या? झटकाच द्यायचा नाही, तर इशारा कशाला? तिथे कुणी कधी टकटक केलीच नव्हती. म्हणून तर तो ताळा इतका सुरेख जुळत आला होता.

इथवरची चूक कुणाकडूनही झाली असती. पण मग मॅडमनी पुन्हा वाकून ती झडप बंद केली होती.

“मॅडम, आहात ना?” पडद्याआडून भिंगरीचा आवाज आता बारीक झाला होता. “आज नाही आलं तर काय दाखवू हो मी त्यांना?”

मॅडमचा हात टेबलाच्या कडेशी होता. त्यांनी पेरानं टकटक केली, आणि बटण दाबलं.

“आलं! आलं! बघा, कशा पेटल्यात!”

मॅडमनी हात ओढून घेतला आणि चटका बसल्यावर धरतात तसा काखेत धरला.

घरी ताई शिवणयंत्रापाशी बसली होती. मांडीवर मॅडमचाच करडा कोट.

“तुझी भिंगरी येऊन गेली. परीक्षेला हा घालायचाय म्हणते. बाह्या आखूड करतेय. पोर म्हणजे नुसती काडी.” ताईनं दातांनी दोरा तोडला. “घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी अगदी मॅडम दिसतेय. मी म्हटलं, तेवढं सोडून काहीही दिस.”

मॅडमनी पिशवी खुंटीला अडकवली.

“आणि तू? तोंडात मिठाची गुळणी धरलीस की काय? महिना झाला, विचारलं तर हूं, नाही विचारलं तरी हूं.”

“दमलेय गं.”

“दमलेलं माणूस झोपतं. तू छताकडे बघत असतेस.” ताईनं कोट झटकून समोर धरला. “घे, उद्या ने तिला.”

मॅडमनी कोट घेतला. मापाला लहान झालेला तो कोट हातात धरवेना. ताईला काही ठाऊक नसतानाही त्यांचे कान तापले होते.

सकाळी भिंगरी त्यांच्या आधी येऊन बसली होती. कोट अंगात चढवून तिनं एक गिरकी घेतली.

“ताईंचा हात काय आहे हो! नव्या नोकरीतही हाच घालणार. आणि ऐका ना, तिथल्या प्रयोगशाळेचं सामान मलाच ठरवायचंय. टेबल आपल्यासारखंच मागवायचं ठरवलंय. फक्त ती हवेची भानगड नको म्हटलं. उगाच खर्च. आपलं कुठे काय अडलं त्यावाचून?”

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांना दिसलं, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या काळ्या पडद्याआड, भिंगरीची कुणी विद्यार्थिनी टेबलाच्या कडेवर पेरानं टकटक करते आहे.

“टेबल सांगून झालं?”

“आज कळवायचंय. का?”

मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी टेबलाखाली हात घातला. झडप घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी पिळल्यावर हवा सूं सूं करत वर आली आणि टेबल किंचित उचललं गेलं.

“हे काय, मॅडम? तुम्हाला तर हा आवाज सहन होत नाही.”

“काप ठेव. दिवा लाव. आणि टकटक कर.”

“पण झटका?”

“झटका नको. आधी असं टकटक कर, मग झडप बंद करून टकटक कर. दोन्ही वेळा तूच बघ.”

भिंगरी पडद्यात गेली. मॅडम बाहेरच्या स्टुलावर बसून राहिल्या. बटणाला त्यांनी हात लावला नाही. एकदा टकटक ऐकू आली. “काहीच नाही!” आतून भिंगरी ओरडली. मॅडमनी वाकून झडप बंद केली. पुन्हा टकटक. मग नुसते बुडबुडे.

पडदा बाजूला झाला. भिंगरीचा चेहरा त्या कोटाइतकाच करडा पडला होता.

“मॅडम, काल... काल माझ्या बोटाला पट्टी होती. मग काल कुणी...?”

“मी,” मॅडम म्हणाल्या. “महिन्याभरापासून मला माहीत आहे. छापलेला लेख मी मागे घेतेय, आणि तुझी परीक्षा थांबवायला आज मीच कळवणार आहे.”