किल्लेदारानं दार उघडलं नाही

तुळसा गेली तेव्हा तिचा भाऊ दौलत नाटक मंडळीबरोबर वऱ्हाडात होता. मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, पसरला आहे एवढं त्याच्या कानावर होतं. पण लालबागच्या चाळीत आई बरी होती, आणि बहीण तर गिरगावात सासरी, कुशाबांच्या ऐसपैस घरात. तिला काय होणार, असं म्हणून तो निर्धास्त राहिला. परत आला तेव्हा तिच्या तेराव्यालाही कितीतरी दिवस उलटून गेले होते.

"कोकणात पाठवली होती, तिकडंच ताप आला," एवढंच तिचे सासरे कुशाबा आल्यागेल्याला सांगत. बंदरावर मुकादमी केलेला माणूस; गल्लीत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. तुळसाचा नवरा आगबोटीवर नोकरीला, तिकडं एडनला. लालबागला आईलाही त्यांनी तेच कळवलं होतं; त्यांना उलट विचारणारं दुसरं कुणी नव्हतंच.

खरं काय ते सखुबाईनं सांगितलं. ती तात्यांच्या परसाला लागून राहायची. दौलत भेटायला गेला तेव्हा तिनं आधी दार लोटलं, मग पदर तोंडाशी धरून बोलली.

"कोकणात कुठली रे जाते? मागच्या खोलीतच होती. अंगात ताप भरला तसं तात्यांनी बाहेरून कुलूप घातलं. तपासणीवाले येतील, परक्या पुरुषांनी सुनेला हात लावून दवाखान्यात नेलं तर घराण्याची अब्रू जाईल म्हणून. पहिल्यांदा खिडकीतून पाणी देत होते. पुढं भ्याले, तेही थांबलं. ती दार ठोकायची, दौलत. 'तात्या, दार उघडा' म्हणायची. तुला हाका मारायची. आणि हे दाराबाहेर पाटावर बसलेले, किल्ली कनवटीला. मी म्हटलं, उघडा हो. तर म्हणाले, असलं आमच्या घरात चालत नाही."

दौलत तिथून उठला तो सरळ तात्यांच्या दारात गेला. खिशात चाकू होता. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांनी घसा खाकरला, डाव्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं आणि म्हणाले, "ये, बस." दौलतचा हात खिशात गेला. चाकूनं एका घडीत सुटेल हा, असं त्याच्या मनात आलं. तो माघारी फिरला.

त्याच वर्षी मंडळीनं नवं नाटक बसवायला घेतलं. एक मानी किल्लेदार. गडाला वेढा पडलेला. त्याची सून शत्रूकडे जाऊन रयतेसाठी अभय मागू म्हणते. कुळाला काळिमा लागेल म्हणून किल्लेदार तिला बुरुजात कोंडतो. बुरुजाला आग लागते. शेवटच्या अंकात त्याचा ताठा उतरतो, तो दार उघडतो, पण तोवर सून गेलेली असते. तिला मांडीवर घेऊन तो टाहो फोडतो आणि पडदा पडतो.

नाटक वाचून झालं तसा दौलत उठला. त्यानं मालकांना, वसंतरावांना सांगितलं, "किल्लेदार मी करणार. दुसऱ्या कुणाला दिलात तर मंडळी सोडीन."

तालमीत त्यानं तात्यांना अंगावर चढवलं. ते खाकरणं, ते उपरणं ओढणं, उजवा पाय जरा फरफटत टाकणं, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहणं. पहिल्या प्रयोगाला निम्मं गिरगाव लोटलं होतं. दौलत रंगभूमीवर आला, खाकरला, आणि पिटात हशा उसळला. सुनेला कोंडताना त्यानं नाटकात नसलेलं वाक्य घातलं, "असलं आमच्या घरात चालत नाही!" तेव्हा हसणारी तोंडं एकदम गप्प झाली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सखुबाईनं जे दार लोटून सांगितलं होतं ते आता चारशे माणसांना कळलं.

पुढं त्याला हवं होतं तसंच घडत गेलं. गल्लीतली पोरं तात्यांच्या मागं पाय फरफटत चालू लागली. देवळाच्या पंचांनी त्यांना बोलावणं बंद केलं. वाण्याच्या दुकानात ते आले की बोलणं थांबायचं. एडनहून मुलाचा निरोप आला, मी आता या घरात पाऊल टाकणार नाही. दौलत हे सगळं मुद्दाम विचारून घ्यायचा आणि त्या रात्री पोटभर जेवायचा.

एका रविवारी पहिल्या रांगेत त्याला तात्या दिसले.

तो मनातून हरखला. आज याच्या तोंडावर याचंच तोंड फेकू म्हणून त्यानं जीव ओतून काम केलं. तात्या हलले नाहीत. शेवटच्या अंकात मात्र दौलतनं दार उघडलं तसं त्यांनी दोन्ही हात पुढच्या कठड्यावर ठेवले आणि लहान मुलासारखे रडले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. लोक बोटं दाखवत, कुणी मागून खाकरून दाखवी; ते बसून राहत.

दौलत चक्रावला. मग एका सकाळी तो तालमीच्या जागेत एकटा असताना तात्या स्वतःच आले. हातात काठी आली होती.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा."

"लोक मला हसायला येतात, ठाऊक आहे मला. तू शिकवलंस त्यांना. तुझा हक्क आहे." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी त्याच्याबद्दल नाही आलो. मी शेवटच्या अंकासाठी येतो रे. तू दार उघडतोस ना, तेवढ्यासाठी. मी तिचं तोंड नाही बघितलं, दौलत. आतला आवाज बंद झाला, तर किल्ली प्रेत उचलायला आणलेल्या भाड्याच्या माणसांच्या हातात दिली आणि माडीवर जाऊन बसलो. तू तिला मांडीवर घेतोस, तोंडावरचे केस बाजूला करतोस. मला वाटतं, मीच केलं. त्या दिवशी मला झोप लागते."

 वर्षभर जे हत्यार दौलत परजत होता, ते या म्हाताऱ्यानं उशाला घेतलं होतं. माझ्या बहिणीला पाण्याचा घोट न देणारा माझ्याच कष्टावर झोपतो!

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पुढच्या रविवारी नक्की या, तात्या. पुढची खुर्ची राखून ठेवायला सांगतो."

तात्यांनी हात जोडले.

त्या रविवारी दौलतनं शेवटच्या अंकापर्यंत कुठंही हात आखडला नाही. बुरुजाच्या रंगवलेल्या दारापुढं तो उभा राहिला, हातात किल्ली. आत सुनेचं काम करणारा रघू लुगडं सावरून निजला होता. तात्या खुर्चीच्या कडेला आले होते, तोंड अर्धवट उघडं. दौलतनं किल्ली कुलुपाशी नेली, थांबला, आणि वळून थेट त्यांच्याकडे पाहिलं. मग किल्ली कनवटीला खोचली, उपरणं ओढलं आणि पाय फरफटत विंगेत निघून गेला.

"अहो, दार!" आतून रघू कुजबुजला. पडदा ओढणाऱ्याला काय करावं समजेना.

"दार उघड," तात्या म्हणाले. मग मोठ्यानं, "दौलत, दार उघड रे!"

कुणी हसलं नाही. म्हातारा उठला, काठी टाकून दिली, धडपडत रंगभूमीवर चढला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते कापडाचं दार ओढलं. आत दोर लोंबत होते, मागं चुन्याची भिंत, आणि पुढं रघू, उठून बसलेला, गोंधळलेला. त्यानं तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुन्हा आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. तात्या गुडघ्यांवर बसले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंडावरचे केस बाजूला करू लागले. "तुळसा, आलो गं. उघडलं गं मी."

विंगेत वसंतरावांनी दौलतचा दंड धरला. "आता नको. राहू दे त्यांना."

दौलतनं दंड सोडवून घेतला. भर रंगभूमीवर जाऊन त्यानं रघूच्या डोक्यावरचा केसांचा टोप हिसकावला. खाली चपटा घेरा ठेवलेलं पुरुषाचं डोकं उघडं पडलं.

"ही तुळसा नाही!" तो ओरडला. "हा रघू आहे. तुळसा मेली. दार ठोकत मेली ती, आणि तुम्ही उघडलं नाहीत. बघा नीट!"

तात्यांनी पाहिलं. रघूच्या डोक्यावरून त्यांचा हात आपोआप खाली आला. बराच वेळ त्यांना उठता येईना. शेवटी रघूनंच त्यांना काखेत धरून उभं केलं आणि लुगड्यानिशीच त्यांना घरापर्यंत पोचवायला गेला. रस्त्यानं कुणी त्याला हसलं नाही.

मंडळीनं दौलतला काढून टाकलं नाही, पण रघूनं त्याच्यासमोर उभं राहायला नकार दिला आणि बाकीचेही त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले. दोन महिन्यांत तो आपणहून बाहेर पडला. लालबागला आईजवळ राहून परळच्या गिरणीत लागला.

दिवाळीच्या सुमाराला सखुबाई मुद्दाम चाळीवर आली. तात्या अंथरुणाला खिळले होते. मागच्या खोलीतच पडून असायचे, दार सताड उघडं. कुणी लावायला गेलं की ओरडायचे.

"तुझं नाव घेतात," ती म्हणाली. "एकदा ये म्हणतात. पाणीसुद्धा धड गिळवत नाही त्यांना."

आईनं दौलतकडे पाहिलं. तो भाकरी मोडत होता.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "दौलत कोकणात गेलाय."

सखुबाई उंबऱ्यातूनच वळली आणि जिना उतरली. आईनं ताटात कालवण वाढलं नाही. ती पातेलं घेऊन आत गेली. दौलतनं कोरडीच भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.